हात अजून आतच आहे

१० नोव्हेंबर १९८६, देवास

पोचले एकदाची! गाड्या बदलून बदलून अंगाचं पार भुस्कट झालं होतं, पण इंदूरला देवासची बस पकडली आणि खिडकीतून माळव्याचा गार वारा आला तशी सगळी मरगळ पळाली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, नुकता वर आलेला हरभरा, आणि मग सपाट मुलखात मध्येच कुणीतरी आणून ठेवावी तशी ती टेकडी. कंडक्टर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "माताजी की टेकरी है बेन, ऊपर दो बहनें बैठी हैं, बड़ी और छोटी." इथे देवी दोन, पूर्वी राजेही दोन होते. गाव मुळातच जोडीजोडीने राहणारं दिसतंय.

खोली छान मिळाली आहे. घरमालकीण सरलाताई बक्षी, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहतात. सासरे धाकट्या पातीच्या, म्हणजे दोघांतल्या धाकट्या राजाच्या, दरबारात नोकरीला होते, आणि थोरल्या पातीच्या घराण्यांचा विषय निघाला की ताई आजही नाक मुरडतात. त्यांचं मराठी ऐकून मी थक्कच झाले. मला म्हणाल्या, "आपण श्रमला असाल, ऊन पाणी काढिले आहे." आणि लगेच दारातल्या दूधवाल्याला, "ओ भिया, आज दूध में पानी है कि पानी में दूध?" दिवाळीची चकली अजून डब्यात होती, ती समोर ठेवली. उद्या रविवार नाही याचंच वाईट वाटतंय, इतकी झोप येते आहे. अण्णांना पत्र टाकायचं: तुमची लेक सांगलीहून इथवर सुखरूप पोचली, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून टेकडी दिसते.

१२ नोव्हेंबर

काम कळलं, आणि मनासारखं आहे.

आमची कंपनी पॉवर प्रेसच्या कंट्रोल पेट्या बनवते. प्रेस म्हणजे पत्र्याला ठोसा मारून आकार देणारं धूड. वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, पत्रा वाकतो, ठोकळा वर जातो. तो कधी खाली यावा हे पेटीतल्या चिपवरचा प्रोग्रॅम ठरवतो. प्रेसच्या तोंडासमोर उजेडाच्या किरणांचा एक पडदा असतो. कामगाराचा हात आत गेला की किरण तुटतो, पेटीला कळतं, आणि ठोकळा वरच राहतो. राहायला हवा.

असा प्रोग्रॅम खऱ्या प्रेसवर तपासणं धोक्याचं, म्हणून माझ्या आधीच्या सुभाष नावाच्या इंजिनियरने मोठ्या कॉम्प्युटरमध्ये एक नकली पेटीच तयार करून ठेवली आहे. खऱ्या चिपसारखीच एकेक आज्ञा वाचते, तशीच वागते, फक्त तिला लोखंड नाही. प्रेसचे इशारे आपण कीबोर्डवरून द्यायचे. आमचे साहेब शरद देवळे तिला इंग्रजी पुस्तकातल्यासारखं 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. मी नकली यंत्र म्हणते. अडचण एकच: सुरू केलं की ते शेवटापर्यंत धावत सुटतं. मध्ये थांबवून आत डोकावायची सोय नाही. ती सोय, म्हणजे ब्रेकपॉइंट, आपल्या भाषेत थांबा, घालायला मला बोलावलं आहे.

देवळेसाहेब चाळिशीचे, सफारी सूट, बोलणं लोण्यासारखं. सुभाष का सोडून गेला विचारलं तर म्हणाले, त्याला मास्तरकीची हौस होती. आणि लगेच एसीच्या आवाजाबद्दल बोलू लागले.

२० नोव्हेंबर

पहिला थांबा चालला!

हा सॉफ्टवेअरचा थांबा. युक्ती साधी आहे. जिथे थांबवायचं तिथली मूळ आज्ञा उचलून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी 'थांब' ही आज्ञा बसवायची. यंत्र धावत येतं, ठेचकाळतं, थांबतं. मग आपण त्याचे सगळे कप्पे उघडून बघायचे, हवं तर बदलायचे, मूळ आज्ञा जागेवर ठेवायची आणि 'चालू' म्हणायचं. गंमत अशी की यंत्राला याचा पत्ताच नसतो. त्याच्या हिशेबी मधला वेळ झालेलाच नसतो. मी जेवून आले, सरलाताईंनी दिलेली शेव खाल्ली, त्या बिचाऱ्याला वाटतं तो श्वासही न घेता पुढे गेला.

देवळेसाहेबांनी पेढे मागवले. उमाशंकरलाही दिला. हा बाहेरच्या शेडमधली चाचणीची प्रेस चालवतो, उदयनगरच्या जंगलाकडचा, कमी बोलणारा. पेढा घेतला, पण कॉम्प्युटरच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. काचेतून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभा राहिला. बूट काढायला लागतात म्हणून असेल.

२८ नोव्हेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला. नकली यंत्र आपणहून थांबलं.

मी थांबा घातला नव्हता. नेहमीसारखं सुरू केलं, मध्येच पडद्यावर 'थांबले' अशी ओळ आली. कुठे? ठोकळा खाली सोडायच्या आज्ञेच्या अगदी दारात. माझाच एखादा जुना थांबा राहून गेला असेल म्हणून तिथली आज्ञा तपासली. मूळचीच होती, कुणी हात लावलेला नव्हता. मग थांबलं कशाने?

पहिला संशय स्वतःवर घेतला. माझं काम ओळ न् ओळ वाचलं. चूक नाही. दुसरा संशय देवळेसाहेबांवर. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, आणि मी येण्याआधी ते मशीनवर बसलेले असतात हे मी पाहिलं आहे. त्यांना बोलावून दाखवलं. ते नको इतका वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवीन काम आहे, होतं असं. चालू करा."

मी 'चालू' दाबलं. यंत्र पुढे गेलं.

३ डिसेंबर

दुसऱ्या प्रकारचा थांबा आज पुरा केला. हा हार्डवेअरचा. यात प्रोग्रॅमला बोटही लावायचं नाही. यंत्राच्या एका खास कप्प्यात नुसता पत्ता लिहून ठेवायचा. प्रत्येक आज्ञेआधी यंत्र त्या कप्प्याशी ताडून बघतं, आणि पत्ता जुळला की थांबतं. प्रोग्रॅमवर खूण राहत नाही. खऱ्या चिपमध्ये ही सोय नसते, पण नकली यंत्राला आपण हवा तो अवयव देऊ शकतो.

कप्पा तयार केला, उघडून पाहिला, तर तो रिकामा नव्हता. त्यात तोच पत्ता, ठोकळा सोडण्याच्या आधीचा.

पुसला. यंत्र सुरू केलं. तिथेच थांबलं. कप्पा बघितला, पत्ता परत आत.

देवळेसाहेब आज इंदूरला गेले होते. मी मुद्दाम त्यांच्या टेबलावरून दुसरी किल्लीही आणवून पर्समध्ये ठेवली. तरी तेच. म्हणजे त्यांनी आधीच कुठेतरी काहीतरी पेरून ठेवलं आहे. मला घाबरवायला? का माझी परीक्षा? सुभाषचा सगळा प्रोग्रॅम छापून काढला आणि वाचत बसले. स्वच्छ, सरळ, मला हेवा वाटावा असा. त्यात काही लपवलेलं नाही.

दिवसभर तेच चाललं होतं. थांबतं, बघते, चालू. थांबतं, बघते, चालू. बोट दुखायला लागलं.

९ डिसेंबर

आज थांबलेल्या यंत्राचे सगळे इशारे एकेक करून पाहिले. किरणांचा पडदा तुटलेला दाखवत होता.

मी तो इशारा दिलेला नव्हता. कीबोर्डला हातच नव्हता. तरी त्या क्षणी, ठोकळा सुटायच्या आधी, नकली यंत्राच्या मते कुणाचा तरी हात आत होता.

दुपारी उमाशंकर दारापर्यंत आला. मी विचारलं, तू रोज काचेतून काय बघतोस? त्याने सांगितलं. जुलैत आमच्याच शेडमध्ये, आमच्याच पेटीवर चालणाऱ्या प्रेसवर अपघात झाला होता. दत्ताजी माने, साताऱ्याकडचा, नोकरीसाठी बायकोसकट इथे आलेला. पडदा होता, पेटी होती, तरी ठोकळा आला. हात मनगटातून गेला. मला कुणीच हे सांगितलं नव्हतं. एकानेही नाही.

उमाशंकर इंदूरच्या इस्पितळात त्याच्या उशाशी होता. म्हणाला, दत्ताजीला काही केल्या पटतच नव्हतं की हात तुटला आहे. येईल त्याला विनवायचा, "मशीन चालू मत करना भिया, हाथ अभी अंदर है." बायकोशी मराठीत तेच. "पार्वती, सांग ना त्यांना, माझा हात अजून आतच आहे." डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, तुटलेला अवयव बरेच दिवस जाणवत राहतो. पण त्याला बरेच दिवस मिळाले नाहीत. ताप चढला आणि गेला.

मी विचारलं, हे तू साहेबांना सांगितलंस? तो म्हणाला, "उनको सब मालूम है, बेन."

१३ डिसेंबर

चूक सापडली.

प्रोग्रॅम किरणांचा पडदा तपासतो, पण एकदाच. मग ठोकळा सोडायची तयारी करतो, आणि मग सोडतो. तपासणं आणि सोडणं यांच्यामध्ये एक फट आहे, डोळ्याच्या पापणीहूनही बारीक. त्या फटीत हात आत गेला तर पेटीला तो कधीच दिसत नाही. यंत्र रोज नेमकं त्याच फटीत थांबत होतं.

छापील कागद घेऊन तडक देवळेसाहेबांसमोर गेले. वाटलं होतं भांडण होईल. त्यांनी कागद बाजूला सारला आणि सांगितलं की त्यांना ठाऊक आहे. सुभाषने जूनमध्येच दाखवलं होतं. पेट्या पाठवायची तारीख डोक्यावर होती, फट इतकी बारीक की कुणाचा हात त्यात सापडणार नाही असं त्यांनी धरलं. आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. उशिरा आलेल्या गाडीबद्दल बोलावं तसं बोलले. मग म्हणाले, "आता तुम्ही आहात. दुरुस्त करा. महिनाअखेर पीथमपूरच्या एका कारखान्यात पेट्या लावायच्या आहेत."

मी म्हटलं, हे थांबे तुम्हीच घालत होतात ना, मला वाट दाखवायला? स्वतः सांगायची लाज वाटत होती म्हणून?

ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांना थांबा कसा घालतात तेच येत नाही.

१६ डिसेंबर

दुरुस्ती केली. आता ठोकळा पूर्ण खाली येईपर्यंत पेटी किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून असते. फट बुजली. उमाशंकरने खऱ्या प्रेसमध्ये बांबू घालून पाहिला, ठोकळा वरच्या वर थबकला. त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला.

मला वाटलं संपलं. ज्याला कुणाला ही चूक दाखवायची होती त्याचं काम झालं. संध्याकाळी निव्वळ खात्री म्हणून नकली यंत्र नव्या प्रोग्रॅमवर सुरू केलं.

थांबलं. दुरुस्तीमुळे सगळ्या आज्ञा पुढे सरकल्या आहेत, जुन्या पत्त्यावर आता भलतीच आज्ञा आहे. कप्प्यात नवा पत्ता होता. पडदा तुटलेला.

तो चूक दाखवत नव्हता.

दत्ताजी थांबा मागत होता. नुसता थांबा. सोडू नका, हात आत आहे, एवढंच. आणि मी काय केलं? थांबतं, बघते, चालू. इतके दिवस. त्याला त्या क्षणापाशी धरून ठेवायचं, आत डोकावून बघायचं, शेव खायची, आणि मग सोडायचं त्याच्यावर. पुन्हा धरायचं. पुन्हा —

मशीन तसंच थांबलेलं ठेवून घरी आले. जेवले नाही. सरलाताई दाराशी येऊन दोनदा विचारून गेल्या. त्यांना काय सांगू?

२१ डिसेंबर

रविवार. सुभाषला भेटायला अमझेऱ्याला गेले होते. धारला बस बदलावी लागते. उमाशंकरने पत्ता दिला. सुभाष खरंच शाळेत शिकवतो. माझ्याहून थोडाच मोठा, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखे खळगे. देवळाच्या ओट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं, तो मान हलवत राहिला.

अपघातानंतर त्यानेही नकली यंत्र पुन्हा पुन्हा चालवलं होतं. तेव्हा थांबे नव्हते. किरणांचा इशारा क्षणभर लवायचा आणि ठोकळा खाली. बघायलाही वेळ मिळत नसे. तेवढ्यानेच तो नोकरी सोडून पळाला. मला त्याचा राग आला. म्हटलं, तुम्ही पळालात म्हणून मला यावं लागलं. तो म्हणाला, खरं आहे.

निघताना तो बसपर्यंत आला. बस हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "तुम्ही त्याला थांबणं शिकवलंत. माझ्या वेळी त्याला येत नव्हतं."

२२ डिसेंबर

आज त्याला सोडवलं.

मशीन त्या दिवसापासून थांबलेलंच होतं. थांबलेल्या यंत्राचा कुठलाही कप्पा बदलता येतो, हे मीच केलेलं आहे. किरणांचा इशारा तुटलेला होता, तो हाताने जुळवला. म्हणजे हात बाहेर काढला. मग पत्ता पुसला. मग 'चालू'.

ठोकळा सुटला, खाली गेला, वर आला. आत काही नव्हतं. पुन्हा चालवलं, थांबलं नाही. कप्पा रिकामा.

मी रडले. काचेपलीकडे उमाशंकर उभा होता, त्याला अंगठा वर करून दाखवला. देवळेसाहेबही आले, छान म्हणाले.

२४ डिसेंबर

सकाळी सरलाताईंनी चहा दिला. वाफ येत होती. कप उचलला, ओठाला लावला, तर चहा थंडगार, वर साय.

ताईंना म्हटलं, काल रात्रीचा चहा दिलात का? त्या रागावल्या. म्हणाल्या, मघापासून बघते आहे, कप हातात धरून बसल्या आहात, हाक मारली तरी ओ देत नाही. मी? मी तर आत्ताच उचलला.

मग संध्याकाळी ताई देवापुढे होत्या. घंटा वर उचललेली, वाजवली नाही. तशाच. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. डोळे उघडे. पापणी लवत नव्हती. हात लावायचा धीर झाला नाही. मग घंटा वाजली आणि त्यांनी आरतीची पुढची ओळ घेतली, मधलं काही झालंच नाही अशी.

ताई मला काही खायला घालतात का? त्या स्वतः काही घेतात का? दरबारी घराण्यांत कसली कसली औषधं असतात म्हणे. काय वाटेल ते मनात येतं आहे.

२९ डिसेंबर, पीथमपूर

हॉटेलवर आहे. जमेल तेवढं लिहिते. पेटी लावायला साहेब, उमाशंकर आणि मी, तिघे आलो होतो.

आमच्या पेटीने काम चोख केलं. बांबू, मग पुठ्ठा, मग देवळेसाहेबांनी स्वतःचा हात पडद्यात घातला. ठोकळा वरच थांबला. टाळ्या. मी सुटकेचा श्वास सोडला.

मग त्या कारखान्याचे लोक साहेबांना शेडमध्ये फिरवू लागले. शेजारी त्यांची जुनी प्रेस चालू होती. आमची पेटी नाही, पडदा नाही, चिप नाही, नुसता पायाखालचा पेडल. साहेब तिच्याकडे बोट करून सांगत होते, हिलाही पडदा बसवला पाहिजे, नाहीतर एखाद्याचा —

आणि थांबले. वाक्यात. बोट ठोकळ्याच्या खाली गेलेलं. चेहऱ्यावर भीती नाही, वेदना नाही. पडद्यावर 'थांबले' अशी ओळ येते ना, तसा चेहरा. कामगाराचा पाय आधीच पेडलवर पडला होता.

मी ओरडले. उमाशंकर धावला.

ठोकळा वर गेला तेव्हा साहेबांनी वाक्य पुरं केलं. "— हात जायचा." मग खाली बघितलं.

३१ डिसेंबर

इंदूरला, इस्पितळात. साहेब शुद्धीवर आहेत. उजवा हात नाही.

विचारलं, काय झालं होतं? म्हणाले, काही नाही, बोलत होतो. मध्ये काही नाही. बोलत होतो आणि बोललो. मग माझा पदर डाव्या हाताने घट्ट धरला. त्यांचा तो लोण्यासारखा आवाज नव्हता आता. "प्रमोदिनीबाई, त्यांना सांगा ना, प्रेस चालू करू नका. माझा हात अजून आतच आहे."

बाहेर येऊन भिंतीला टेकले. उमाशंकर माझ्याकडे बघत होता. त्यानेही ऐकलं होतं.

मी दत्ताजीला त्या यंत्रातून बाहेर काढलं. कुठे जाईल याचा विचार केला नाही. त्याला जे माहीत आहे तेच तो करतो आहे. धरायचं, बघायचं, सोडायचं. मीच शिकवलं.

२ जानेवारी १९८७

ऑफिसला गेले नाही. उमाशंकर येऊन गेला. कॉम्प्युटर कुणी लावला नव्हता तरी पडदा पेटलेला आहे म्हणाला. 'थांबले'. किरण तुटलेला. खाली रेघ लुकलुकते आहे. विचारत होता, चालू दाबू का, बेन? मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ताई धावत आल्या.

आत साहेबांचा हात आहे. आणि दत्ताजी बाहेर आहे.

मोरीत चक्कर — चक्कर नव्हती. बादली भरत होते, नळ सुरू केला, आणि पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं. किती वेळ? आणि तेवढ्या वेळात तो — काय बघतो? माझे कोणते कप्पे? माझ्यात काही बदलून —

अण्णांचं नाव आठवायला वेळ लागला. आठवलं. लिहून ठेवते. अण्णांचं नाव गोविंद.

३ जानेवारी

उद्या जाते. सामान बांधलं. बसस्टँडला जायला एबी रोडचा हमरस्ता ओलांडायचा. ट्रक. उमाशंकर म्हणाला, हात धरून नेतो. तो मध्येच थांबला तर? मी थांबले तर?

बसून राहिलं की काही होत नाही. बसलेल्या माणसाला काय होणार. म्हणून लिहिते आहे. दिवस आहे. ऊन वहीवर पडलं आहे, छान ऊन —

ताई गराडूच्या कंदाचे काप तळताहेत. वाटेसाठी. मी म्हटलं होतं नको, आज स्टोव्ह नको, पाया पडते. हसल्या. म्हणाल्या, उपाशी पाठवू की काय लेकीला. काय म्हणून सांगणार होते त्यांना. झारा वाजतो आहे, ऐकू येतं. वाजतो आहे तोवर

ऊन भिंतीवर गेलं.

ऊन वहीवर होतं. आता भिंतीवर, वर, खुंटीपाशी.

झारा वाजत नाही. ताई. हाक मारली. ताई — ओ नाही. तेलाचा वास, जळका. धूर दाराखालून —

जायला हवं. स्टोव्ह बंद — त्यांचा हात तेलाच्या — दार समोर आहे, नुसतं उठायचं. उठते. ताई, आले मी, आत्ता उठते, उठ